पाहुणे रविवारी, म्हणून ट्रक माळ्यावर?

पत्र : "काका, मी २७ वर्षांची. इंदूरच्या सुदामानगरात आई-बाबांबरोबर राहते, पिथमपूरला एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. चार वर्षांपासून प्लास्टिकच्या किटमधून १:२४ मापाच्या गाड्या जोडते. सात पूर्ण झाल्या. बारा डबे अजून उघडलेले नाहीत (हे आईनं मोजलं). मला लाकडी बॉडीचा आपला जुना टाटा ट्रक करायचाय, पण त्याचा किट कुठंच मिळत नाही. म्हणून एक युरोपियन ट्रकचा किट आणला. चेसी जोडली आणि वर्षभर तशीच पडून आहे. ब्लूप्रिंट मिळाली की पुढचं करीन असं ठरवलं होतं. त्यात ऑगस्टात केबिनच्या तुकड्यांवर स्प्रे मारला तर रंग दुधासारखा पांढरट झाला. कपाटातल्या एका जुन्या मॉडेलचे टायर रिमला चिकटलेत आणि रिम वितळल्यासारखी दिसतेय. मिलिटरी किटमधला एक माणूस ड्रायव्हर म्हणून बसवला तर तो पोरगा दिसतो. आणि या रविवारी मला पाहायला पाहुणे येणार आहेत. आई म्हणते, मुलीच्या जातीला हा नाद शोभत नाही, सगळं माळ्यावर टाक. काय करू? तुमची, ट्रकवाली."

प्रिय ट्रकवाली,

माझ्या धाकट्या लेकीपेक्षाही लहान आहेस, तेव्हा एकेरीतच लिहितो. तुझं मूळ पत्र चार पानांचं. त्यातली साडेतीन पानं ट्रकची आणि अर्धं पान पाहुण्यांचं. उत्तरही त्याच प्रमाणात देतो, म्हणजे स्केल चुकायचं नाही.

आपल्या ट्रकचा किट मिळत नाही, ही तुझी मोठी तक्रार. अगं, मिळेल कसा? जो ट्रक तुझ्या डोक्यात आहे तो कारखान्यातून पुरा असा कधी बाहेर पडलाच नाही. गेटातून निघायची ती चेसी. पुढं नाक, इंजिन, काचेपर्यंतचा पुढचा पत्रा (काउल), स्टिअरिंग, चाकं, आणि ड्रायव्हरला टेकायला काहीतरी. डोक्याला गमछा गुंडाळून, ऊन-धूळ खात ड्रायव्हर ती उघडी चेसी शेकडो किलोमीटर हाकत आणायचा. आमच्या लहानपणी आग्रा-मुंबई रस्त्यावर अशा चेस्यांची रांगच्या रांग जायची, आणि त्या ड्रायव्हरांचे धुळीनं पांढरे झालेले चेहरे आम्ही ओटल्यावर बसून बघायचो. केबिन, माल भरायचा हौदा, त्याचे उघडणारे फाळके, टपावरचं कॅरिअर हे सगळं नंतर बॉडीवाल्या मिस्त्रीकडे व्हायचं, आणि दर मिस्त्रीचा हात वेगळा. कंपनीनंच जे केलं नाही ते किटवाला डब्यात कुठून घालणार?

म्हणजे परदेशी किटची चेसी आणून तू नकळत बरोबर वाटेला लागलीस. अडलीस ती ब्लूप्रिंटपाशी. मिस्त्रीकडे ब्लूप्रिंट नसते. त्याच्याकडे टेप असतो, कानावर पेन्सिल असते, आणि गिऱ्हाईक येऊन सांगतं, "सतरा फुटी काढायची." बास. तूही तेवढ्यावरच सुरू करायचं.

आता इथं एक मजा बघ. ट्रकवाले बॉडी फुटांत सांगतात आणि तुझं माप आहे १:२४. बाराचा दुप्पट चोवीस. म्हणजे खरा एक फूट तुझ्या टेबलावर बरोबर अर्धा इंच. सतरा फुटी हौदा साडेआठ इंच, सहा इंची फळी पाव इंच. कॅल्क्युलेटर लागत नाही. मिलिमीटरमध्ये भागाकार करत बसलीस म्हणून तुला हे काम अवघड वाटलं. मिस्त्रीच्या भाषेत मोज, तोंडी हिशोब होतो. (अमेरिकन ट्रकचे किट बरेचसे १:२५ असतात, डबा नीट वाच. फरक चार टक्क्यांचा, पण आठ फूट रुंद हौद्यात तो चार मिलिमीटर होतो आणि डोळ्याला खुपतो.)

मापं घ्यायला लोहामंडीत किंवा देवास नाक्याकडे जा. दुपारी गाड्या रिकाम्या उभ्या असतात. एकटी जाऊ नकोस, बाबांना घेऊन जा. ड्रायव्हरला आधी विचार आणि चहा पाज. गाडीचं माप घ्यायला कुणी आलं की ही मंडळी आधी संशयानं बघतात, मग टेपचं दुसरं टोक स्वतःच धरतात. मात्र टेपनं सगळं मोजत बसू नकोस. टायर वाच. त्याच्या कडेला १०.००-२० असं काही लिहिलेलं असेल. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. या टायरचा पूर्ण व्यास साधारण १०५ सेंटिमीटर भरतो, म्हणजे तुझ्या मापात ४४ मिलिमीटर. आता गाडीच्या बाजूनं, जमेल तितकं लांब जाऊन, झूम करून त्या बाजूच्या अगदी काटकोनात एक फोटो काढ. जवळून काढलास तर गाडी फुगते. तो फोटो खजुरी बाजारातल्या एखाद्या झेरॉक्सवाल्याकडे असा मोठा करून घे की टायर आडवा मोजला तर ४४ मिलिमीटर भरेल. आडवाच मोज, कारण वजनानं टायर खालून दबलेला असतो. झाली तुझी ब्लूप्रिंट. त्या बाजूवरची प्रत्येक फळी, बिजागरी, कडी त्या कागदावर १:२४ मध्ये आहे. पट्टी ठेवायची आणि कापायचं.

त्याआधी एकच गोष्ट पक्की कर : तुझा ट्रक कुठल्या सालचा? टाटांचा डाइमलर-बेंझशी करार १९५४ ला झाला आणि १९६९ ला संपला. त्या काळातल्या गाडीच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा, नंतरच्या गाडीवर 'टी'. नाक बरीच वर्षं जवळपास तेच राहिलं, म्हणून लोक फसतात. तारा लावून वर ऐंशीच्या दशकातली रंगरंगोटी केलीस तर जाणत्याच्या लगेच ध्यानात येईल. कुणी म्हणेल की त्यापेक्षा तू रोज बघतेस ते पिथमपूरचं आयशर कॅन्टर कर. नको. मित्सुबिशीच्या सहकार्यानं आलेल्या त्या गाडीची केबिन दाबाच्या पत्र्याची, सगळीकडे गोलाई. लाकडी केबिन म्हणजे सरळ रेघा. पहिल्या स्वतःच्या कामाला सरळ रेघाच बऱ्या.

युरोपियन चेसीत काय बदलावं लागेल ते तुला कळलंच असेल, तरी सांगतो. स्टिअरिंग डावीकडे आहे, ते उजवीकडे आण. मी पहिल्यांदा विसरलो होतो. केबिन चिकटवल्यावर ध्यानात आलं, आणि मग तो ट्रक मी कपाटात डावी बाजू भिंतीला लावून ठेवला. दुसरं म्हणजे मागं धक्के सोसायला हवेचे फुगे असतील. ते काढ आणि कमानी (एकाखाली एक पाट्यांची स्प्रिंग) कर. अर्ध्या मिलिमीटरची पॉलिस्टायरीन शीट घे, तीन मिलिमीटर रुंद पट्ट्या काप, प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा थोडी आखूड. सगळ्यात लांब पट्टी काचेच्या बाटलीला टेपनं आवळून बांध, वरून उकळतं पाणी ओत आणि गार होईपर्यंत हात लावू नकोस. बाक कायमचा बसतो. मग बाकीच्या पट्ट्या खालून एकेक चिकटव. प्लास्टिक जोडायच्या पातळ सिमेंटचा ब्रश फाटीला नुसता टेकव, ते आपोआप आत ओढलं जातं. ट्रकखाली वाकून किती पाटे आहेत ते मोजून ये, अंदाजानं सहा-आठ लावू नकोस. हे काम एका संध्याकाळचं आहे आणि मला विचारशील तर अख्ख्या ट्रकमधलं सगळ्यात आनंदाचं.

लाकडाचं लाकूडच वापर, पण सागवान नको. लाकूड लहान झालं तरी त्याच्या रेषा लहान होत नाहीत. चोवीसपट लहान गाडीवर सागाची रेष म्हणजे फळीवर ओढा वाहतोय असं दिसतं. छप्पन दुकानला कॉफीबरोबर लाकडी काडी मिळते ना, ढवळायची? ती बारीक पोताची असते, साधारण पाव इंच रुंद आणि मिलिमीटरहून जरा जाड. म्हणजे सहा इंची, सव्वा इंच जाड फळी आयती. विकत मागितली तर अख्खं पाकीट देतील, चोरू नकोस. ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून मालावर पसर. दोरीला शिवणाचा दोरा, पण आधी मेणबत्तीवरून ओढून घे, नाहीतर त्याची लव दिसते आणि दोरी काथ्यासारखी वाटते. पुढची काच मात्र फेव्हिक्विकनं चिकटवू नकोस, त्याची वाफ काचेवर पांढरी धरते. तिथं साधा फेव्हिकॉल, वाळला की पारदर्शक.

मिलिटरी किटमधला ड्रायव्हर पोरगा दिसतो कारण तो १:३५ चा आहे. साडेपाच फुटी माणूस तुझ्या मापात ७० मिलिमीटर हवा, त्या मापात तो ४८ भरतो. पस्तीस हा आकडा तरी कुठून आला? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामियानं मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. पोटात बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, एवढ्या हिशोबानं आकार ठरला आणि तो साधारण पस्तीसपट लहान निघाला. पुढं सगळं जग त्याच मापानं रणगाडे करायला लागलं. तर त्या पोराला क्लीनर कर, आणि ड्रायव्हरची जागा सध्या रिकामी ठेव. चहाला गेलाय समज.

टायरचं आता ऐक, कारण हे नव्या ट्रकलाही लागू आहे. ते मऊ टायर व्हिनाइलचे असतात. त्यांना मऊ ठेवणारं जे द्रव्य असतं ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं आणि पॉलिस्टायरीनची रिम खातं. डायनिंग टेबलावरचं प्लास्टिकचं कव्हर उन्हाळ्यात पॉलिशला चिकटतं, तोच प्रकार. खाल्लेली रिम परत येत नाही. टायर सोडवून रिम घासून घे किंवा बदल. नव्या ट्रकला रिम आणि टायर यांच्यामध्ये स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची अरुंद पट्टी गुंडाळ, बाहेरून दिसत नाही. सहा चाकं आणि एक स्टेपनी, सातही कर. स्टेपनी लोक विसरतात.

आणि तो पांढरा रंग. स्प्रेच्या लॅकर रंगातलं थिनर भराभर उडतं, उडताना रंगाचा थर गार पडतो, आणि ऑगस्टातल्या हवेतलं पाणी त्यावर धरतं. फ्रिजमधल्या बाटलीला पाणी सुटतं तसं. चूक तुझी एवढीच की माळव्यात पावसाळ्यात स्प्रे मारलास. इथं लॅकरचा मोसम दसऱ्यानंतर. तुकडे फेकू नकोस. कोरड्या दिवशी, दुपारी, हळू उडणारं थिनर किंवा पारदर्शक लॅकर अगदी हलक्या हातानं मार. थर जरा सैल होतो, आतली वाफ निघून जाते आणि बरेचदा रंग परत येतो. नाहीच आला तर दोन हजार नंबरचा वॉटर पेपर आणि पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात कापणं-जोडणं कर, फार तर ब्रशनं अ‍ॅक्रिलिक.

हार्डवेअरच्या दुकानातलं सुटं एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) थिनर मात्र या प्लास्टिकला लावू नकोस. पटत नसेल तर थर्मोकोलच्या तुकड्यावर एक थेंब टाक. खड्डा पडेल, कारण थर्मोकोल आणि तुझा किट हे दोन्ही पॉलिस्टायरीनच. मी असा एका छोट्या फियाटचा टप घालवला. पुसायला म्हणून कापूस फिरवला आणि टपावर माझ्या बोटांचे ठसे उमटले. अजून आहे ती गाडी, चोराची म्हणून दाखवतो. कुठलाही नवा रंग आधी ज्या चौकटीतून भाग तोडतो त्या चौकटीवर मारून बघ, दुसऱ्या दिवशी बघ, मग गाडीवर.

आता उरलेलं अर्धं पान.

आईचं एक म्हणणं खरं आहे आणि ते तू मूळ पत्रात घाईनं उरकलंस : तू जेवणाच्या टेबलावर रंगवतेस. हे आजपासून बंद. वास नुसता घाण नसतो, डोक्यात जातो आणि पेटतोही. गॅस किंवा देवघरातली समई पेटलेली असताना घरात स्प्रे मारणं म्हणजे आगीला आवतण. गच्चीवर खोक्यात मार, किंवा खिडकीत बाहेर फेकणारा पंखा लाव. तोंडाला कापडी मास्क बांधून वाफ अडत नाही, गाळणीचा डबा असलेला मास्क घे, बारा डब्यांतल्या एका डब्याच्या पैशात येईल. गाड्यांच्या गॅरेजात असतो तो हार्डनर घातलेला दोन डब्यांचा रंग घरी आणूच नकोस, कितीही चकचकीत दिसला तरी. आणि त्या बाराबद्दल : हा ट्रक रस्त्याला लागेपर्यंत तेरावा डबा घ्यायचा नाही. इथं मी आईच्या बाजूनं आहे.

पण मुलीच्या जातीला शोभत नाही, हे मला पटलेलं नाही. ज्या गावात अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्यांतली (चित्ररथांतली) हलती चित्रं बघायला बायका-पोरांसकट अख्खी घरं पहाटेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसतात, गिरण्या बंद पडल्या तरी झांक्या बंद पडू देत नाहीत, तिथं एक मुलगी टेबलावर ट्रक करते यात लाजण्यासारखं काय आहे? आईला टोमणा म्हणून हे वाचून दाखवू नकोस. तिला काळजी आहे ती पाहुणे काय म्हणतील याची.

म्हणून रविवारी असं कर. सात झालेल्या गाड्या धूळ पुसून दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेव. बारा डबे खुशाल माळ्यावर जाऊ देत, त्यांना काही बघण्यासारखं नाही. अर्धी चेसी कपाटात नको, तुझ्या खोलीत झाकून ठेव, तिला ऊन आणि पाहुण्यांची लहान मुलं दोन्ही वर्ज्य. कुणी विचारलंच की हे कुणाचं, तर आई उत्तर द्यायच्या आत तू सांग, "माझं." नोकरी, पगार, पत्रिका यांच्याबरोबर हेही एक. पोहे खाऊन, वर सेव आणि जीरावन मसाला घालून, कपाटाकडे एकदाही न बघता गेलेल्या मुलाबद्दल मी काही म्हणणार नाही, सगळ्यांनाच गाड्या आवडाव्यात असं नाही. पण "लग्नानंतर हे बंद कराल ना?" असं कुणी विचारलं, तर तो प्रश्न गाड्यांपुरता नाही हे तुला माझ्याइतकंच कळतं. होकार-नकार त्यानंतर ठरव, आणि तो तूच ठरव.

ट्रकवरच्या लिखाणाबद्दलही मूळ पत्रात विचारलं होतंस. छापून चिकटवायचं म्हणशील, तर घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, त्यामुळे गडद रंगावर पांढरी अक्षरं हवी असतील तर ती ट्रिपल झिरोच्या, म्हणजे अगदी बारीक, ब्रशनंच काढावी लागतील. फाळक्यावरचं 'हॉर्न ओके प्लीज' थोडं वाकडं आलं तरी चालेल, खऱ्या ट्रकवरही पेंटरनं रात्री उभ्याउभ्या काढलेलं असतं. नंबर आपल्या इंदूरच्या एमपी ०९ नं सुरू कर, पुढचे आकडे कुणाच्या खऱ्या गाडीचे नकोत. पाटी पिवळी, अक्षरं काळी. पांढरी पाटी लावलीस तर लोहामंडीतला क्लीनर पोरगाही विचारेल, "मॅडम, प्रायव्हेट ट्रक है क्या?"

— तुझा काका